ब्रेक्झिटविषयी ब्रिटनचे मत बदलले का? जनमत चाचण्यांचे आकडे वाचण्याची रीत

‘ब्रिटनला ब्रेक्झिटचा पश्चात्ताप’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते आणि काही दिवसांनी ‘लीव्हचे (बाहेर पडण्याच्या बाजूचे) मतदार अजूनही आपल्या मताशी ठाम’ अशी दुसरीही. दोन्हींच्या मुळाशी बहुधा खऱ्याच चाचण्या असतात आणि कित्येकदा त्या एकाच संस्थेच्या, एकाच आठवड्यातल्या असतात. त्यामुळे कोणती बातमी खोटी, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘मत बदलले’ या दोन शब्दांत तीन-चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. ते सुटे करून प्रत्येकाचे उत्तर वेगळे काढता आले, तर दोन्ही बातम्या एकमेकींशेजारी ठेवून वाचता येतात. ते कसे करावे, हे या लेखात ब्रेक्झिटच्याच आकड्यांवरून मांडले आहे. त्यासाठी टक्केवारीपलीकडचे गणित लागत नाही.

पहिले काम म्हणजे तुलनेचा पाया पक्का करणे. बदल मोजायचा तर आधी काय होते, हे दशांशापर्यंत ठाऊक हवे. २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, म्हणजे ‘लीव्ह’च्या, बाजूने १,७४,१०,७४२ मते पडली आणि संघात राहण्याच्या, म्हणजे ‘रिमेन’च्या, बाजूने १,६१,४१,२४१. टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४८.१, फरक सुमारे १२ लाख ७० हजार मतांचा, आणि मतदान ७२.२ टक्के. यांतले शेवटचे दोन आकडे वहीत वेगळे लिहून ठेवावेत, कारण पुढे त्यांचीच गरज पडणार आहे. सव्वातीन कोटींहून अधिक मतांमध्ये पावणेतेरा लाखांचा फरक हा निर्णयासाठी पुरेसा असला, तरी एवढ्या अंतरावरून एखादे मोठे ‘परिवर्तन’ घडले असे म्हणायला फारसे काही हलावे लागत नाही. नोंदणी झालेल्यांपैकी ज्या २८ टक्क्यांनी मतच दिले नाही, त्यांचे पुढे काय झाले, हेही कुणी सहसा विचारत नाही.

याहून मागचा पाया घ्यायचा असेल तर ५ जून १९७५ चे सार्वमत आहे. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तेव्हाच्या युरोपीय समुदायात गेला आणि अडीच वर्षांनी ६७.२ टक्के मतदारांनी तेथेच राहण्यास संमती दिली. पण म्हणून १९७५ चा ६७ आणि २०१६ चा ४८ या दोन बिंदूंमधून एक सरळ उतरती रेघ ओढू नये. मजूर पक्षाने तर १९८३ च्या जाहीरनाम्यातच समुदायातून बाहेर पडण्याचे वचन दिले होते. या प्रश्नावर ब्रिटिश जनमताने चढ-उतार पाहिले आहेत, आणि दोन टोकांचे बिंदू मधल्या प्रवासाबद्दल काहीच सांगत नाहीत.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. एकाच संस्थेने, एकाच शब्दांत, वर्षानुवर्षे विचारलेला प्रश्न शोधावा आणि शक्य तोवर त्याला चिकटून राहावे. ब्रेक्झिटच्या बाबतीत असा प्रश्न सुदैवाने उपलब्ध आहे. यूगव्ह ही संस्था ऑगस्ट २०१६ पासून विचारत आली आहे की, मागे वळून पाहता युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ब्रिटनने मत दिले ते बरोबर होते की चूक. अगदी सुरुवातीच्या चाचणीत ४६ टक्के ‘बरोबर’ म्हणाले, ४२ टक्के ‘चूक’ म्हणाले आणि उरलेल्यांनी ‘सांगता येत नाही’ असे उत्तर दिले. जानेवारी २०२५ मध्ये ‘बरोबर’ म्हणणारे ३० टक्क्यांवर आले होते आणि ‘चूक’ म्हणणारे ५५ टक्के होते.

येथे नवखा वाचक हमखास घसरतो. सार्वमताच्या निकालात ‘सांगता येत नाही’ असा रकाना नसतो, म्हणून ५१.९ ची तुलना थेट ३० शी करणे चुकीचे ठरते. आधी दोन्ही ठिकाणचे अनिश्चित लोक वगळावेत. ४६ ला ४६ अधिक ४२ ने, म्हणजे ८८ ने भागले की ५२.३ येतात. हा आकडा प्रत्यक्ष निकालाच्या इतका जवळ आहे की मोजपट्टी सुरुवातीला तरी सरळ होती, असे मानायला हरकत नाही. मग ३० ला ८५ ने भागावे; उत्तर ३५.३ येते. म्हणजे मत असणाऱ्यांपुरते बोलायचे तर साडेआठ वर्षांत ‘बरोबर’ची बाजू ५२ वरून ३५ वर उतरली. सतरा अंकांची ही घसरण कुठल्याही मोजणीच्या चुकीत बसवता येणार नाही.

मोजणीची चूक म्हणजे नेमकी किती, हेही एकदा समजून घ्यावे. हजार जणांच्या यादृच्छिक नमुन्यात साधारण तीन अंक इकडे-तिकडे होतात, दोन हजारांच्या नमुन्यात सव्वादोन. दोन चाचण्यांमधला फरक मोजताना दोघींच्या चुका एकत्र येतात, त्यामुळे हजार-हजारांच्या दोन चाचण्यांत चार अंकांचा फरक दिसला तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. ‘एका महिन्यात दोन टक्क्यांनी मत फिरले’ ही बातमी म्हणूनच बाजूला ठेवावी. संकेतस्थळांवरच्या ‘तुम्हाला काय वाटते’ छापाच्या खुल्या मतदानाकडे तर पाहूही नये. तेथे कोण आले आणि कोण आले नाही, हे कुणालाच ठाऊक नसते. सह्यांच्या मोहिमांचेही तसेच. मार्च २०१९ मध्ये ब्रेक्झिटची प्रक्रिया रद्द करा, अशा संसदीय याचिकेवर साठ लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. त्यावरून मताची तीव्रता कळते, व्याप्ती कळत नाही.

एक आक्षेप येथेच निकालात काढू. जून २०१६ मध्ये चाचण्या चुकल्या होत्या, मग आज त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? मतदानाच्या दिवशी यूगव्हने घेतलेल्या चाचणीत रिमेन ५२, लीव्ह ४८ असे उत्तर आले होते, म्हणजे निकालाच्या नेमके उलट. पण चार अंकांची चूक निकाल उलटवते, कल उलटवत नाही. एखादा वजनकाटा कायम पाव किलो कमी दाखवत असेल तर त्यावर खरे वजन कळणार नाही. वजन वाढते आहे की घटते आहे, हे मात्र कळेल. शिवाय आपल्यासमोरचा बदल चार अंकांचा नाही, त्याच्या चौपट आहे.

आता प्रश्नाच्या शब्दांकडे वळावे, कारण मालिका तुटते ती येथे. २०१६ च्या मतपत्रिकेवर ‘राहावे की बाहेर पडावे’ असा दुहेरी पर्याय होता. सरकारला मुळात ‘राहावे का’ असा होय-नाही उत्तराचा प्रश्न हवा होता. तो एका बाजूला झुकलेला वाटू शकतो, म्हणून निवडणूक आयोगाने २०१५ मध्ये तो बदलून घेतला. निकालानंतरही चाचणीवाले ‘आज सार्वमत झाले तर राहाल की बाहेर पडाल’ असे विचारत राहिले. पण ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन खरोखरच बाहेर पडला आणि त्या प्रश्नाचा अर्थच संपला, कारण जेथे आपण नाही तेथे ‘राहता’ येत नाही. त्यानंतरचा प्रश्न ‘पुन्हा आत जावे की बाहेरच राहावे’ असा झाला. या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच आलेखावर एका रेघेने जोडलेली दिसली, तर तो आलेख काढणाऱ्याने घाई केली आहे, असे खुशाल समजावे. ज्याला बाहेर पडणे मनापासून नको होते, त्यालाही पुन्हा वाटाघाटींचा पाच-सात वर्षांचा खटाटोप नको असू शकतो.

एवढे झाले की मालिकेतील वळणे पाहावीत आणि प्रत्येक वळणाशी त्या वेळच्या घटना लावून पाहाव्यात. २०१७ च्या मध्यापर्यंत ‘बरोबर’ आणि ‘चूक’ जवळजवळ बरोबरीत होते. मग ‘चूक’ची बाजू थोडी पुढे सरकली आणि संसदेतल्या साऱ्या गदारोळात, पंतप्रधानपदावरून थेरेसा मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले, तरी २०२० पर्यंत ती थोडीच पुढे राहिली. त्या काळातले मथळे आठवले तर ही स्थिरता आश्चर्यकारक वाटते. २०२१ च्या सुरुवातीला अंतर उलट कमी झाले. ब्रिटनची कोविड लसीकरण मोहीम युरोपीय संघापेक्षा वेगाने चालली होती आणि तिचे श्रेय ब्रेक्झिटला देणारे बरेच होते. खरी घसरण त्या वर्षाच्या शरद ऋतूपासूनची. ट्रकचालक मिळेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, पुढे टाळेबंदीतल्या सरकारी मेजवान्यांचे प्रकरण बाहेर आले, महागाई चढली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारच्या लघु-अर्थसंकल्पाने पौंड कोसळला. २०२२ च्या अखेरीस ‘चूक’ म्हणणारे निम्म्याहून पुष्कळ वर गेले, आणि त्यानंतर ही रेघ फारशी मागे आलेली नाही.

यातली प्रत्येक घटना ब्रेक्झिटमुळेच घडली, असे मुळीच नाही. मेजवान्यांचा आणि युरोपीय संघाचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु ज्या माणसांनी ब्रेक्झिट विकले, त्यांची पत गेली की मालाचीही पत जाते. लोक कारणमीमांसा करून मत बदलत नाहीत, हे मनाशी ठेवून वळणांचा अर्थ लावावा. घटना आणि वळण एकाच महिन्यात आले म्हणजे एकाने दुसरे घडवले, असे होत नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत कसाचा आहे आणि त्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. बदल झाला हे ठरले. पण बदलले कोण? जनतेचे मत दोन मार्गांनी बदलते. एक, माणसे आपले मत बदलतात. दोन, माणसेच बदलतात. ब्रिटनमध्ये वर्षाला सहा लाखांहून अधिक मृत्यू होतात आणि जवळपास सात लाख मुले-मुली अठरा वर्षांची होतात. साडेआठ वर्षांत पन्नास लाखांहून अधिक जण यादीतून गेले आणि तेवढेच नवे आले. वहीत लिहिलेला पावणेतेरा लाखांचा फरक येथे पुन्हा काढून पाहावा. २०१६ मध्ये पासष्टीपुढच्यांतील बहुसंख्य लीव्हकडे होते आणि पंचविशीच्या आतल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रिमेनकडे. तेव्हा एकाही माणसाने विचार बदलला नसता, तरी लीव्हची एवढी आघाडी काळानेच खाल्ली असती. त्यात २०१६ ला घरी बसलेले ते २८ टक्के मिळवावेत. नंतरच्या चाचण्यांत या मंडळींपैकी ज्यांनी मत सांगितले, त्यांचा ओढा ‘चूक’कडे राहिला. २०२० पर्यंतच्या किंचित सरकण्यामागे मुख्यतः हेच गट होते, असे या विषयाचे सर्वांत चिकाटीचे अभ्यासक जॉन कर्टिस यांच्या विश्लेषणांतून दिसत आले आहे.

म्हणून प्रत्येक चाचणीचा सविस्तर तक्ता उघडावा. ब्रिटिश पोलिंग कौन्सिल या चाचणी संस्थांच्या संघटनेच्या सदस्यांना तो प्रसिद्ध करावाच लागतो. त्यात ‘२०१६ मध्ये कोणाला मत दिले’ हा रकाना शोधावा. जानेवारी २०२५ च्या यूगव्ह चाचणीत लीव्हच्या मतदारांपैकी १८ टक्के ‘चूक’ म्हणत होते, म्हणजे सहांपैकी साधारण एक. ‘मतदार ठाम’ हा मथळा येथूनच येतो आणि तो खोटा नाही. परंतु गणित करून पाहावे. शंभर मतदारांत लीव्हचे ५२ धरले, तर त्यांचे १८ टक्के म्हणजे नऊ जण. नऊ जण एका बाजूकडून दुसरीकडे गेले की ५२-४८ चे ४३-५७ होते. लढत इतकी चुरशीची असताना सहांपैकी एकाचे मन पालटणे ही लहान गोष्ट नाही. आणि लीव्हचे जे मतदार थेट ‘चूक’ न म्हणता ‘सांगता येत नाही’कडे सरकले आहेत, ते यात धरलेलेच नाहीत. एका मथळ्यातला ‘ठाम’पणा आणि दुसऱ्यातला ‘पश्चात्ताप’ असे एकाच तक्त्यातून निघतात.

या रकान्यात एक खोच मात्र आहे. लोकांना आपले जुने मत बदलून आठवते. ज्याला आता वाईट वाटते, तो ‘मी तेव्हा मतच दिले नव्हते’ असे सहज सांगून जातो, आणि तो खोटे बोलतो असेही नाही. चाचणीवाले नमुना २०१६ च्या निकालाशी जुळवण्यासाठी उत्तरांना भार देतात. नाराज लीव्हवाले असे रकान्यातून गळाले, तर उरलेल्या निष्ठावंतांचे वजन ५२ टक्क्यांपर्यंत वाढवले जाते आणि बदल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून, उत्तरदात्याचे मत २०१६ मध्येच नोंदवून ठेवले होते की आज आठवणीवरून विचारले, हे पद्धतीच्या टिपेत पाहावे. त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारणारे पाहणी-गट, उदाहरणार्थ ब्रिटिश इलेक्शन स्टडीचा, या कामी सर्वांत भरवशाचे.

आता ‘चूक’ या शब्दाचा अर्थ. जानेवारी २०२५ मध्येच ६२ टक्के लोक ब्रेक्झिट हे यशापेक्षा अपयशच अधिक आहे, असे म्हणाले आणि केवळ ११ टक्के यश म्हणाले. अपयश म्हणणारे ‘चूक’ म्हणणाऱ्यांपेक्षा सात अंकांनी जास्त आहेत, हे नजरेतून सुटू देऊ नये. या फटीत ते लोक राहतात ज्यांना निर्णय पटतो, अंमलबजावणी पटत नाही. स्थलांतर घटेल म्हणून मत दिलेल्या माणसाने त्यानंतर निव्वळ स्थलांतर विक्रमी पातळीवर गेलेले पाहिले. तो चिडलेला आहे, पण त्याची चीड त्याला ब्रसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, परत नेत नाही.

पुन्हा आत जाण्याबद्दलच्या उत्तरांतही अशीच सावधगिरी हवी. नुसते ‘पुन्हा सामील व्हावे का’ असे विचारले की निम्म्याहून थोडे अधिक लोक होकार देतात. पौंड सोडून युरो घ्यावा लागेल आणि शेंगेन व्यवस्थेत जाऊन सीमा खुल्या कराव्या लागतील, ही अट प्रश्नातच घातली की २०२५ च्या मध्यातल्या यूगव्ह चाचणीत ५४ चे ३६ झाले. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा भावना मोजतो आणि दुसरा सौदा, म्हणून बातमी वाचताना कोणता प्रश्न विचारला होता, हे आधी पाहावे. माझ्या मते मराठी वाचकांपर्यंत पोहोचणाऱ्या बातम्यांत सर्वाधिक घोळ याच ठिकाणी होतो, कारण प्रश्नाचे मूळ शब्द भाषांतरात गळून पडतात आणि उरतो तो फक्त आकडा.

निवडणूक निकालांवरून या विषयाचे मत काढण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. १२ डिसेंबर २०१९ रोजी जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा मिळाल्या आणि त्याला ब्रेक्झिटचा कौल म्हटले गेले. दुसरे सार्वमत मागणाऱ्या पक्षांची एकत्रित मते मात्र निम्म्याहून थोडी अधिक होती. जुलै २०२४ मध्ये, ‘चूक’ची बाजू भरभक्कम असताना, युरोपीय संघाच्या एकल बाजारपेठेत वा सीमाशुल्क संघात परत न जाण्याचे सांगणारे किअर स्टार्मर पंतप्रधान झाले, आणि २०२५ मध्ये मतदानाच्या चाचण्यांत आघाडीवर आला तो ब्रेक्झिटचे कट्टर पुरस्कर्ते नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष. लोकांच्या चिंतांच्या यादीत युरोप २०१९ मध्ये सर्वांत वर होता. आता तेथे महागाई, आरोग्यसेवा आणि स्थलांतर आहे. मत बदलते तेव्हा त्याचे महत्त्वही तेवढेच राहते, असे नाही.

गोवेकरांना हे नव्याने सांगायला नको. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या ‘फुला’ला १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा सत्तेवर परतला तो विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच आणि मुख्यमंत्री झाले भाऊसाहेब बांदोडकर. अडीच महिन्यांत गोव्याचे मत फिरले नव्हते, विचारलेला प्रश्न वेगळा होता.

शेवटी तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ वाचावी: विचारले कोणाला? बहुतेक चाचण्या ‘ग्रेट ब्रिटनमधील प्रौढां’च्या असतात. त्यांत उत्तर आयर्लंड नसते, जेथे सार्वमतात ५५.८ टक्क्यांनी रिमेनला मत दिले होते. जिब्राल्टर नसते, जेथे जवळपास ९६ टक्क्यांनी दिले होते. उलट, मताचा हक्क नसलेले रहिवासी त्यांत असू शकतात. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता, युरोपीय संघाच्या बहुतेक देशांच्या नागरिकांना नव्हता. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये नोकरी करणारा पुण्याचा अभियंता ब्रेक्झिटवर मत देऊ शकत होता. आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनमध्ये स्थायिक झालेला गोवेकर, ज्याचा तेथे राहण्याचा आधारच त्या दिवशी पणाला लागला होता, तो देऊ शकत नव्हता. चाचणीच्या ‘प्रौढां’त मात्र हे दोघेही मोडतात.